आयोवा २०१८ : पहिल्यांदाच उभा राहिलेला उमेदवार आणि सोयाबीनचा भाव

खंडकरी (धागाकर्ता)

मंडळी, दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की अमेरिकेत गावाकडची गरिबी हा निवडणुकीचा विषय होतो का, की सगळं बंदूक, गर्भपात आणि सीमेवरची भिंत यातच आटोपतं. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

२०१६ ते २०१९ मी आयोवा राज्यात एम्स गावी होतो. विद्यापीठात धान्य वाळवण्याच्या यंत्रांवर काम. मूळचा लातूर जिल्ह्यातला. घरी अकरा एकर, त्यातल्या आठांवर सोयाबीन. त्यामुळे आयोवात उतरल्यावर परक्या मुलखात आल्यासारखं वाटलंच नाही. सोयाबीनच ते, फक्त शेताचा बांध काही केल्या दिसत नव्हता.

एम्स तेव्हा आयोवाच्या चौथ्या काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) मतदारसंघात होतं. एकोणचाळीस काउंट्या (आपले जिल्हे समजा), राज्याचा जवळजवळ सगळा वायव्य भाग. खासदार स्टीव्ह किंग, रिपब्लिकन, २००३ पासून बसलेला. स्थलांतरितांबद्दल तो जे बोलायचा ते इथे लिहिण्याच्या लायकीचं नाही. २०१६ मध्ये ट्रम्प इथून २७ टक्क्यांच्या फरकाने पुढे होते. म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिकिटाला इथे आपल्याकडच्या भाषेत ‘बळीचा बकरा’ म्हणतात.

२०१८ ला ते तिकीट घेतलं जे. डी. शोल्टेन नावाच्या माणसाने. वय अडतीस, उंची साडेसहा फूट, आधी व्यावसायिक बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारा), नंतर वकिलांच्या कचेरीत पॅरालीगल. सू सिटीचा, पाच पिढ्या आयोवातल्या. याआधी कुठलीही निवडणूक लढवलेली नाही. जूनमध्ये दोघांना हरवून पक्षाची उमेदवारी मिळवली आणि एक जुनी आरव्ही (आत झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरायला लागला. गाडीचं नाव ‘सू सिटी सू’. रात्री बऱ्याचदा वॉलमार्टच्या पार्किंगात मुक्काम. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस काउंट्या किमान तीनदा फिरला. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते त्या गाडीच्या दारातून जवळजवळ घडी होऊन बाहेर पडताना.

बोलायचा काय? आरोग्यविमा, शेतमालाच्या बाजारात मूठभर कंपन्यांची झालेली मक्तेदारी, राजकारणातला पैसा, आणि गावातली पोरं शिकून गेली की परत का येत नाहीत. किंगला शिव्या घालत फिरणं सोपं होतं, बाहेरच्या राज्यांतून देणग्यासुद्धा त्यावरच येत होत्या. पण गावात गेल्यावर भाषण भावावर आणि दवाखान्यावर यायचं.

आता त्या वर्षीचा भाव. ट्रम्प सरकारने चीनच्या मालावर आयातशुल्क लावलं, चीनने जुलैत आपल्या बाजूने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के लावलं. वसंतात शिकागोच्या धान्यबाजारात बुशेलला (तिकडचं धान्याचं माप) दहा डॉलरच्या वर असलेलं सोयाबीन उन्हाळा संपेपर्यंत साडेआठच्या खाली. हा झाला शिकागोचा भाव. गावातल्या एलिव्हेटरवर (आपली आडत समजा, फक्त सिमेंटची आणि दहा मजली) त्यातून आणखी कापून मिळतं.

सप्टेंबरात मी शोल्टेनच्या प्रचाराला दारोदार फिरायला गेलो होतो. फोर्ट डॉजच्या पलीकडचं एक गाव, नाव सांगत नाही. मुख्य रस्त्यावर अकरा दुकानं, त्यातली सात बंद. उरलेल्यांत एक बँक, एक बार, एक केस रंगवायचं दुकान आणि टोकाला डॉलर जनरल (स्वस्त मालाचं साखळी दुकान). एका घराच्या ओट्यावर सत्तरीचा गृहस्थ मक्याची कणसं सोलत बसलेला. मी पत्रक पुढे केलं. त्याने ते न बघता विचारलं, तू कुठला? म्हटलं, भारत, आमच्याकडेही बीन्सच. लगेच खुर्ची पुढे सरकली. तुमच्याकडे काय भाव?

झाली का पंचाईत. बुशेल म्हणजे सोयाबीनचे ६० पौंड, म्हणजे २७.२ किलो. त्याच्या एलिव्हेटरचा त्या दिवशीचा भाव पावणेआठ डॉलर. डॉलर बहात्तर रुपये. पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं : क्विंटलला दोन हजार रुपयांच्या जरा वर. आणि आपला त्या वर्षीचा हमीभाव ३,३९९. (तो बाजारात मिळतो का हा वेगळा धागा होईल, इथे नको.) म्हातारा त्या आकड्यांकडे बघतच राहिला. मग त्याने माझ्याच पेनने पुढचं गणित स्वतः केलं. एकरी पंचावन्न बुशेल गुणिले पावणेआठ, सव्वाचारशे डॉलर. खंड, बी, खत, फवारणी, यंत्र धरून खर्च पाचशेच्या पुढे. आयोवात निम्म्याहून जास्त जमीन खंडाने कसली जाते आणि सरासरी खंडच एकरी दोनशेवीसच्या आसपास होता.

मी विचारलं, मग कसं चाललंय? म्हणाला, बरं चाललंय, यंदा जरा हात आखडलाय इतकंच.

हे ‘बरं चाललंय’ मी ओळखतो. माझे आजोबा सावकाराकडून परत येताना हेच म्हणायचे. दोन महिने दारं वाजवली, एकाच्याही तोंडून ‘आम्ही गरीब आहोत’ हे वाक्य ऐकलं नाही. फूड स्टँप (किराण्यासाठीची सरकारी मदत) घेणाऱ्यांकडूनही नाही. गरीब म्हणजे शिकागोतला कुणीतरी, किंवा फार तर मांस कारखान्यात काम करणारा परका माणूस. अशा लोकांपुढे गरिबीवर निवडणूक लढवायची म्हणजे तो शब्द न वापरता लढवावी लागते. हे त्याला जमलं की नाही यावर बोलू. निकाल बहुतेकांना माहीत असेल : किंग साधारण ५०, शोल्टेन ४७. दहा हजार मतांनी हरला.

----

तिरका_तास

लेख छान, पण काडी टाकतोच. शंभर एकरांच्या खाली ज्याला शेतकरी म्हणत नाहीत, ज्याच्या दारात दोन कोटींचा कंबाईन उभा असतो, त्याची गरिबी आम्ही कशी मोजायची? आयोवातल्या जमिनीचा भाव तेव्हा एकरी सात हजार डॉलरच्या वर होता ना? चारशे एकरवाला म्हणजे कागदावर वीस कोटी रुपयांचा धनी. त्याने हमीभाव विचारायचा आणि आपण हळहळायचं. हलके घ्या.

----

खंडकरी

हलकेच घेतलं. पण दोन गोष्टी.

एक, तो चारशे एकरवाला बहुधा चारशेचा मालक नसतो. ऐंशी स्वतःची, बाकी खंडाची, कंबाईन बँकेचा. स्वतःच्या जमिनीचा भाव सात हजार असण्याने त्याला काही मिळत नाही, उलट खंड चढतो. विकली तर शेती संपली. १९८०च्या दशकात व्याजदर चढले आणि आयोवातल्या जमिनीच्या किमती सहा वर्षांत जवळजवळ एक तृतीयांशावर आल्या. आज जे साठीचे आहेत त्यांनी बापाच्या अंगणात झालेले लिलाव पाहिलेत. ‘कागदावर वीस कोटी’ म्हटलं की त्यांना हसू येत नाही.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं : गावातले बहुतेक लोक शेतकरी नाहीतच. वृद्धाश्रमात रात्रपाळी करणाऱ्या बाया, कारखान्यात डुकरं कापणारे, शाळेची बस चालवणारे. किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, केंद्राचं २००९ पासून तेच, आयोवातही तेच. वर्षभर पूर्णवेळ राबलं तर १५,०८० डॉलर. २०१८ ला दोन माणसांच्या कुटुंबाची सरकारी दारिद्र्यरेषा १६,४६० होती. म्हणजे एक आई, एक मूल, आठवड्याला चाळीस तास, एकही सुट्टी नाही, तरी रेषेच्या खालीच. काही काउंट्यांनी स्वतःचं किमान वेतन वाढवलं होतं. २०१७ मध्ये राज्याच्या विधानसभेने कायदा करून काउंट्यांचा तो अधिकारच काढून घेतला.

----

बेसिस_पॉइंट

ही दारिद्र्यरेषा काढली कशी हेही सांगायला हवं. मॉली ओर्शान्स्की नावाच्या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी साठच्या दशकात कमीत कमी किराण्याचा खर्च गुणिले तीन असं सूत्र बसवलं, कारण तेव्हा घरखर्चाचा तिसरा हिस्सा जेवणावर जायचा. आता किराण्याचा वाटा कमी झालाय आणि घरभाडं, औषधं, पाळणाघर यांनी डोकं वर काढलंय, पण सूत्र महागाईने वाढवत तेच चाललंय. म्हणून रेषेच्या वर असलेलेही तंगीतच असतात.

----

रानजाई

इथे पहिल्यांदाच लिहितेय, एरवी वाचनमात्र. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सात वर्षं आयोवाच्या वायव्य कोपऱ्यात एका सहा हजार वस्तीच्या गावात काढली. भारतीय घरं तीन, त्यातलं मराठी आमचं एकटं.

माझी दुसरी खेप होती तेव्हा आठव्या महिन्यात कळलं की गावातल्या रुग्णालयाचा प्रसूती विभाग बंद होतोय. नर्सेस मिळत नाहीत, बाळंतपणं परवडत नाहीत. पुढचं रुग्णालय पंचेचाळीस मैलांवर. फेब्रुवारीत, बर्फात. माझ्याकडे गाडी होती, नवरा होता, विमा होता. माझ्या शेजारची मुलगी बावीस वर्षांची, वृद्धाश्रमात मदतनीस, विमा मेडिकेडचा (गरिबांसाठीची सरकारी योजना). आयोवाने २०१६ मध्ये मेडिकेड खासगी कंपन्यांकडे सोपवलं होतं, त्यानंतर कुठला डॉक्टर कुठल्या कंपनीच्या यादीत आहे याचा पत्ता लागायचा नाही. ती फोनवर संगीत ऐकत बसायची आणि वैतागून म्हणायची की पोर होईल तेव्हाही मी होल्डवरच असेन. शेवटी तिला मीच पोहोचवलं. वाटेत एका ठिकाणी थांबून तिने काचेवरचं बर्फ खरवडलं, नववा महिना असताना, कारण मला ते नीट जमत नव्हतं.

मंगळवारी चर्चच्या तळघरात धान्यवाटप असायचं. मी तिथे डबे लावायला जायचे. येणारे लोक गाडी चर्चसमोर लावत नसत, मागच्या गल्लीत लावत. एक बाई दर वेळी म्हणायची, बहिणीसाठी नेतेय. तिला बहीण नव्हती, सगळ्या गावाला माहीत होतं. कुणी काही बोलायचं नाही, उलट ‘बहिणीला विचारलंय म्हणून सांग’ म्हणायचे.

म्हणून खंडकरी, तुमचं ते ‘हात आखडलाय’ वाचून गलबललं.

----

लातूरचा_पाहुणा

रानजाई, लिहीत राहा. पुढील लेखनास शुभेच्छा.

खंडकरी, गाववाले, एक भाबडा प्रश्न. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नव्हता. मग प्रचाराला कसे काय फिरलात? व्हिसा गेला असता की.

----

खंडकरी

हा प्रश्न माझ्या बायकोनेही विचारला होता, जरा वरच्या पट्टीत.

नियम असा की परदेशी नागरिकाने एक डॉलरही द्यायचा नाही आणि कुठे किती खर्च करायचा, काय धोरण घ्यायचं अशा निर्णयांत बसायचं नाही. पण बिनपगारी स्वयंसेवक म्हणून दार वाजवता येतं, फोन करता येतो. ग्रीन कार्डवाल्याला देणगीही देता येते, मत मात्र देता येत नाही. मी टी-शर्टसुद्धा विकत घेतला नाही, कारण प्रचाराचा टी-शर्ट विकत घेणं म्हणजे देणगीच धरतात. फुकटचा मिळाला तो नवऱ्या मुलाच्या झब्ब्यासारखा गुडघ्यापर्यंत यायचा. उमेदवाराच्या मापाचे शिवले होते की काय कोण जाणे.

----

तिरका_तास

पैशाचा विषय निघालाच आहे तर : आरव्ही, वॉलमार्टचं पार्किंग वगैरे गोड आहे, पण या साधेपणामागे देणग्या किती होत्या? किंगपेक्षा कितीतरी जास्त ना?

----

खंडकरी

हो, जास्तच. कितीतरी जास्त. आणि शेवटच्या आठवड्यात तर ओघच लागला. २७ ऑक्टोबरला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) हत्याकांड झालं, त्यानंतर किंगच्या वंशवादाकडे झुकणाऱ्या वक्तव्यांवरून त्याच्याच पक्षाच्या प्रचारसमितीच्या अध्यक्षाने त्याचा जाहीर निषेध केला. लँड ओ’लेक्ससारख्या कंपन्यांनी हात काढून घेतला. शोल्टेनला दोन दिवसांत सहा लाख डॉलरहून जास्त मिळाले. पण मतदानाला आठवडा उरला असताना आलेल्या पैशातून टीव्हीवरची जाहिरातच विकत घेता येते, गावोगावची माणसं उभी करता येत नाहीत.

पहिल्यांदा उभं राहणाऱ्याचे हाल वेगळेच असतात. काँग्रेसची मुदत दोन वर्षांची. म्हणजे प्रचार वर्ष-दीड वर्ष, तोही नोकरी सोडून. एका माणसाकडून तेव्हा एका निवडणुकीला २,७०० डॉलरपर्यंतच घेता यायचे, प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) आणि मुख्य निवडणूक वेगवेगळी धरून. म्हणून पक्षाचे जाणते लोक नवख्या उमेदवाराला सांगतात की बाबा रे, रोज तासन्‌तास फोनला बस आणि ओळखीच्या श्रीमंतांची यादी काढ. आता ज्याच्या ओळखीत श्रीमंत नाहीत त्याने काय करायचं? गरिबीवर बोलायला उभा राहणारा माणूस जर स्वतः साधा असेल तर तो पहिल्या तीन महिन्यांतच गळतो. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कमधल्या एका नवख्या महिला उमेदवाराने निवडणूक आयोगाकडून परवानगी मिळवली, की प्रचाराच्या पैशातून मुलांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार देता येईल. २०१८ सालापर्यंत कुठल्याही महिला उमेदवाराला हे रीतसर मिळालेलं नव्हतं, यावरून उभे राहणारे कोण असायचे ते कळतं.

----

शिरोळकर

आमच्या राजू शेट्टींची ‘एक व्होट, एक नोट’ आठवली. २००९ ला हातकणंगल्यात लोकांनी मत तर दिलंच, वर वर्गणी काढून निवडणूक लढवली. फरक एवढाच की शेट्टी निवडून आले. पण ते नवखे नव्हते हेही खरं, आधी आमदार होते आणि उसाच्या आंदोलनात लाठ्या खाल्ल्या होत्या. भावाच्या प्रश्नावर निवडणूक जिंकायला आधी दहा वर्षं रस्त्यावर बसावं लागतं. हा पिचर भला माणूस असेल, पण दीड वर्षात आरव्ही फिरवून ते होत नाही.

----

खंडकरी

शिरोळकर, हा प्रतिसाद धाग्याच्या वर टाकायला हवा. आयोवात संघटना नव्हत्या असं नाही. ऐंशीच्या दशकात लिलाव अडवायला शेतकरी रस्त्यावर आले होते. पण २०१८ मध्ये शेतकऱ्यांच्या ज्या मोठ्या संघटना उरल्या होत्या त्यांत धंदा आणि विमा विकणाऱ्यांचं वजन जास्त. सोयाबीनचा भाव पडला म्हणून कुणी महामार्ग अडवला नाही. ते संस्कृतीतच नाही.

----

अनोळखी_पाटी

मराठी माणसाचा विषय निघतोय तर श्री ठाणेदार? बेळगावचे, २०२२ ला काँग्रेसवर पहिल्यांदाच उभे राहिले आणि डेट्रॉइटमधून निवडून आले. तेही आपल्या लहानपणीच्या गरिबीबद्दल सांगतात.

----

बेसिस_पॉइंट

ठाणेदारांचं उदाहरण नेमकं उलट्या बाजूचं आहे. मतदारसंघ शहरी, डेमोक्रॅट जिंकणार हे ठरलेलं, खरी लढत पक्षांतर्गत. आणि प्रचारात स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर. गरिबीतून वर येऊन पैसा मिळवलेला माणूस गरिबीवर बोलतो तेव्हा लोक ऐकतात, पण तो मार्ग सगळ्यांना खुला नाही. आधी कंपनी विकावी लागते.

मूळ विषयाकडे येतो. मी शिकागोत धान्यबाजारात काम करतो, म्हणून शोल्टेनच्या ‘मक्तेदारी’वाल्या मुद्द्यावर चार ओळी. अमेरिकेत बीफचा ८० टक्क्यांहून जास्त व्यवहार चार कंपन्यांकडे आहे. त्याच वर्षी जूनमध्ये बायरने मोन्सँटो गिळली, म्हणजे बियाणं आणि फवारणी विकणारे आणखी कमी झाले. शेतकरी घेतो ते मोजक्या दुकानांतून आणि विकतो ते मोजक्या गिऱ्हाइकांना. मध्ये तो.

डुकरांचं तर बघा. आयोवात २०१८ ला माणसं बत्तीस लाखांच्या आत आणि डुकरं दोन कोटींच्या वर. त्यातली बरीचशी कंत्राटावर. पिलं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड शेतकऱ्याची, शेडचं कर्ज शेतकऱ्याचं, आणि शेण शेतकऱ्याचं.

----

लातूरचा_पाहुणा

अहो, हे तर आमच्याकडचं ब्रॉयलर! पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, शेड आपली आणि वास आपला. माझ्या मेव्हण्याने दहा हजार पक्ष्यांची शेड घातलीय. त्याला हा धागा वाचायला देतो, म्हणजे आयोवातही आपले भाऊबंद आहेत म्हणून तरी बरं वाटेल.

----

तिरका_तास

ठीक, मक्तेदारीचा मुद्दा मान्य. पण मग सरकारने मदत दिली ना? बारा अब्ज डॉलर वगैरे वाचल्याचं आठवतं.

----

खंडकरी

दिली. सोयाबीनला बुशेलमागे एक डॉलर पासष्ट सेंट. मक्याला किती माहितेय? एक सेंट. एकरी दोनशे बुशेल मका धरा : दोन डॉलर. केसीजमध्ये (तिथल्या गावागावांतला पेट्रोलपंप, पिझ्झा चांगला मिळतो) एक कॉफी. यावर एम्सच्या शेतकरी मंडळींत जे विनोद चालायचे ते इथे मराठीत लिहिले तरी संपादक उडवतील.

आणि ही मदत पिकाच्या बुशेलवर होती. म्हणजे ज्याचं पीक जास्त त्याला मदत जास्त. रानजाईंच्या शेजारणीला त्यातलं काही नाही.

तिचा धागा जातो फार्म बिलाकडे. नाव शेतीचं, पण त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश पैसा फूड स्टँपचा. शहरातल्या खासदारांनी शेतीला मत द्यावं आणि गावाकडच्यांनी फूड स्टँपला, अशी ही जुनी मोट आहे. २०१८ च्या जूनमध्ये प्रतिनिधीगृहाने २१३ विरुद्ध २११ मतांनी जो मसुदा संमत केला त्यात फूड स्टँपसाठी कामाच्या अटी कडक केल्या होत्या. त्याच मसुद्यात किंगने स्वतःचं एक कलम घुसवलं होतं : कॅलिफोर्नियाने कोंबड्यांच्या पिंजऱ्यांबद्दल केलेले नियम आयोवाच्या अंड्यांना लागू होऊ नयेत म्हणून. निवडणूक झाल्यावर डिसेंबरात अंतिम कायदा झाला तेव्हा दोन्ही गोष्टी गळल्या होत्या. पण शेतीसमितीत ज्येष्ठ म्हणून मिरवणाऱ्या खासदाराने मसुद्यात घुसवलं ते काय, हा मुद्दा प्रचारात दारावर बोलायला बरा पडायचा. कोंबड्यांवर आयोवात कुणीही दोन मिनिटं बोलतं.

----

रानजाई

बाया मात्र कोंबड्यांवर बोलत नसत. माझ्या ओळखीच्या तिघी-चौघींनी आयुष्यात पहिल्यांदा डेमोक्रॅटला मत दिलं, ते दवाखान्यामुळे. नवऱ्यांना सांगितलं नाही.

----

तिरका_तास

आता शेवटची काडी. ४७ टक्के मिळाले ते शोल्टेनच्या आर्थिक मुद्द्यांमुळे की किंगच्या बदनामीमुळे? उत्तर आपल्याकडे आहे. जानेवारी २०१९ मध्ये किंगला त्याच्याच पक्षाने सगळ्या समित्यांतून काढलं, जून २०२० मध्ये रँडी फीन्स्ट्राने त्याला पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत पाडलं. नोव्हेंबरात तोच शोल्टेन, तेच मुद्दे, तीच आरव्ही, समोर फक्त सभ्य बोलणारा रिपब्लिकन. निकाल ६२-३८. म्हणजे तीन टक्क्यांचं अंतर चोवीस टक्के झालं. गरिबी तर दोन वर्षांत गेली नव्हती ना? मग ती मतं गरिबीची नव्हतीच.

----

खंडकरी

यावर माझ्याकडे फार चांगलं उत्तर नाही, आणि २०२० ला मी पुण्यात परतलो होतो. बरीचशी मतं किंगच्या विरोधातलीच होती, मान्य. २०१२ ला क्रिस्टी व्हिल्सॅक (माजी गव्हर्नरच्या पत्नी, राज्यभर नाव, पैसा मुबलक) याच किंगसमोर आठ टक्क्यांनी पडल्या होत्या, आणि तेव्हा मतदारसंघ एवढा लाल (म्हणजे तिकडच्या भाषेत रिपब्लिकन) झालेला नव्हता. त्यांच्यापेक्षा हा नवखा पुढे गेला, एवढं त्याच्या पदरात टाका. २०२० ला ट्रम्प स्वतः मतपत्रिकेवर होते, आणि मधल्या काळात सरकारी मदतीचे धनादेशही गावोगाव पोहोचले होते. शिवाय २०१८ ला आयोवात दुसऱ्या दोन मतदारसंघांत फिंकेनॉर आणि अ‍ॅक्सनी या दोघी निवडून आल्या, आयोवातून प्रतिनिधीगृहात गेलेल्या पहिल्या महिला. वारंच तसं होतं. आणि पुढे ते वारं गेलं, दोघींच्याही जागा गेल्या.

पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. ऑरेंज सिटी हे सू काउंटीतलं डच लोकांचं गाव, कट्टर रिपब्लिकन, रविवारी हिरवळ कापणंही वाईट समजतात. तिथल्या पिझ्झा रँचमधल्या सभेला तीसेक माणसं आली होती, जास्त करून म्हातारी. एकाने उभं राहून सांगितलं की वीस वर्षांत या पक्षाचा कुणी आमच्याकडे आलाच नव्हता, मत देईनच असं नाही, पण बस, पिझ्झा खा. शिरोळकर म्हणतात ती दहा वर्षं बहुतेक अशीच सुरू होतात. शोल्टेनने ती काँग्रेससाठी पुढे चालवली नाहीत. २०२२ मध्ये तो सू सिटीतून राज्याच्या विधानसभेत गेला, समोर विरोधकच नव्हता.

----

अनोळखी_पाटी

आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आमदार असतानाच चव्वेचाळिसाव्या वर्षी सू सिटीच्या संघाकडून पुन्हा पिचिंग करून सामना जिंकला होता, ते राहिलं. मी क्रिकेटवाला, मला त्यातलं काही कळत नाही, पण चव्वेचाळिसाव्या वर्षी खांदा जागेवर असणं हे कुठल्याही पक्षाला न जमणारं काम आहे.

----

लातूरचा_पाहुणा

धागा छान रंगला. एकच राहिलं : त्या ओट्यावरच्या म्हाताऱ्याने मत कुणाला दिलं?

----

खंडकरी

विचारलं नाही. तसं विचारायचं नसतं, यादीत फक्त ‘पाठिंबा’, ‘विरोध’ आणि ‘अनिश्चित’ असे तीन पर्याय असतात. मी ‘अनिश्चित’वर टिचकी मारली.

ऑक्टोबरच्या शेवटी दुसऱ्या फेरीला त्याच गल्लीत गेलो. कापणी चालू होती, तो शेतावर होता. बायकोने दार उघडलं आणि सफरचंदाचा केक खायला आत घेतलं. आमचं पत्रक फ्रीजवर चुंबकाने लावलेलं होतं. उमेदवाराचा फोटो आतल्या बाजूला, वर आमचं दोघांचं गणित. ३,३९९ च्या भोवती त्याने लाल पेनने गोल केला होता.